पुरवणी

‘पुरवणी’ या शब्दाशी माझा संबंध आजवर परीक्षेपुरताच होता. पर्यवेक्षण करताना कुणी हात वर करून “सर, पुरवणी!” म्हणाला, की मी ती नाखुशीनेच नेऊन देतो. मुख्य उत्तरपत्रिकेत जे मावत नाही ते बहुधा पाल्हाळच असते, असा माझा वीस वर्षांचा अनुभव. गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजिवांनी त्याला धक्का दिला.

चिरंजीव बारावीत. दोन महिने आमचे बोलणे जेवणाच्या पानापुरते उरले होते. मी त्याच्यापुढे तीन वाटा ठेवल्या होत्या: डॉक्टर, इंजिनियर, नाहीतर स्पर्धापरीक्षा. त्याला लाकूडकाम शिकायचे होते. “त्यात काय शिकायचे?” या माझ्या प्रश्नानंतर संवादच संपला.

पाडव्याच्या दुपारी आमच्या श्रीरामपूरच्या घरी त्याचे चार मित्र जमले. टेबलावर फराळाच्या बशा आणि मधोमध वीस पैलूंचा फासा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होऊन ती पुढे नेतात आणि अडले की फासा टाकतात. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. मंडळी पांगल्यावर टेबलावर छापील कागदांचा एक गठ्ठा राहिला. जुने नियम कसे होते ते पाहायला चिरंजिवांनी तो आणला होता. पेपर तपासणाऱ्याची सवय! चष्मा लावून बसलो.

गठ्ठ्याचे नाव ‘ग्रेहॉक’; १९७५ सालची, त्या खेळाची पहिली पुरवणी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तीन लहान पुस्तिकांतून हा खेळ प्रसिद्ध केला. वर्षभरातच त्या पुस्तिका पुरेनाशा झाल्या. मूळ खेळात सुरी काय नि तलवार काय, घाव सहा पैलूंच्या एकाच फाशाने मोजायचा. पुरवणीने शस्त्राशस्त्रांत फरक केला. मूळ खेळात माणसाने व्हायचे ते तिघांपैकीच कुणीतरी: योद्धा, जादूगार किंवा धर्मोपदेशक. पुरवणीने त्यांच्या पंगतीला आणून बसवला चोर! लढाईत कच्चा, पण कुलूप उघडणारा, सापळा निकामी करणारा, बंद दारापलीकडची चाहूल घेणारा. बोटांतल्या त्या कसबाला पुस्तिकेने चक्क टक्केवारी दिली होती.

ग्रेहॉक हा गायगॅक्सने रचलेला किल्ला. त्यात पहिल्यांदा उतरली ती त्याचीच दोन मुले, अर्नी आणि एलिस. पुरवणीचा दुसरा लेखक रॉब कुंट्झ तर १९५५ चा, म्हणजे तेव्हा विशीच्या आतला.

त्या रात्री झोप येईना. मी दरवर्षी वर्गात सांगतो, की आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये गीतेच्या सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या झाल्या. संस्कृताच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी झाल्या. आणि त्या सांगणारे ज्ञानदेव परंपरेप्रमाणे अवघे पंधरा वर्षांचे होते. हे शिकवून पगार घेणारा मी, घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला मात्र एक पान वाढवून देत नव्हतो!

भाऊबिजेला मंडळी पुन्हा जमली. मी खुर्ची ओढून बसलो.

“मला खेळात घेता का रे?”

मित्र चपापले. चिरंजिवांनी वर न पाहता विचारले, “कोण होणार, बाबा? योद्धा?”

“चोर.”

आता त्याने वर पाहिले. मी फासा टाकला. दोन पडले. कुलूप काही उघडले नाही. उलट पहारेकरी जागे झाले. सगळे हसले, तोही हसला.

मंडळी गेल्यावर बशा उचलता उचलता मी विचारले, “ते लाकूडकाम कुठे शिकवतात रे?”

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग आत गेला आणि गणिताच्या पुस्तकात दडवलेले एक माहितीपत्रक घेऊन आला. मी चष्मा लावला.