तांबडे अक्षर

गेली तीस वर्षे आम्ही तांबड्या शाईवर उपजीविका करीत आलो आहो. प्राध्यापकाचा धंदा बाहेरून पाहणारास व्याख्यानांचा वाटतो. पण ज्याने तो केला आहे त्यास ठाऊक असते, की त्यातील निम्मे आयुष्य दुसऱ्यांच्या निळ्या अक्षरांवर आपली तांबडी अक्षरे उमटविण्यात जाते. तेव्हा अक्षरांच्या रंगांविषयी चार शब्द बोलण्याचा आम्हांस काही अधिकार आहे, असे वाचकांनी मानण्यास हरकत नसावी. तो अधिकार आम्ही किती वाईट रीतीने गाजविला, हे पुढे येईलच.

विषय निघाला तो असा. पोलादपुराहून रोज एस. टी.ने महाडास येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या निधनाची वार्ता फोनवर कळविली. काळ्या पटावर बारीक पांढरी अक्षरे होती. आम्हीही सांत्वनाच्या चार ओळी रचून पाठविल्या. आणि फोनने जो रंग पुढे केला तोच, म्हणजे गुलाबी, राहू दिला. तेरावे झाल्यावर ती महाविद्यालयात आली, तेव्हा वर्गाबाहेर थांबून संकोचाने म्हणाली, "सर, रागावू नका, पण गुलाबी अक्षरांत असं कोणी लिहीत नाही."

"मग कोणत्या रंगात लिहितात?"

"ते सांगता नाही येत, सर. ते कळतं. आणि बदलतंही. मागच्या वर्षी जे चालायचं, ते आता कोणी वापरलं तर मुलं हसतात."

"ते कळतं" हे तिचे दोन शब्द आमच्या मनात घर करून राहिले. विचार करता दिसून आले, की आमच्या लहानपणीही अक्षरांचे रंग असेच कळत. कोणी शिकवीत नसे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यास हळदकुंकवाचे बोट लागलेले दिसले, की पत्रिका उघडण्यापूर्वीच घरात आनंद होई. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढीत. उधारीचा हिशेब मात्र काळ्या शाईत चाले. दाखल्यावर हिरव्या शाईची सही असली, की तो राजपत्रित अधिकाऱ्याच्या हातून आला, हे शेतकऱ्यासही समजे. दुःखाच्या पत्रास कुंकू नसे, आणि ते वाचून झाल्यावर घरात ठेवीत नसत.

ही भाषा याहूनही जुनी आहे. ज्या पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंद ह्यांची समाधी आहे, तेथील मुलीने आम्हांस रंगांचा धडा द्यावा, ह्यात एक प्रकारचे औचित्यच होते. हस्तलिखित पोथ्यांच्या त्या काळात मजकूर काजळाच्या काळ्या शाईने लिहीत, आणि अध्यायाची समाप्ती, श्लोकांचे दंड, कोठे आरंभीचे नमन, एवढ्यापुरताच हिंगुळाचा तांबडा रंग वापरीत. लिहिण्यात चूक झाली तर तीवर पिवळा हरताळ फासून त्यावर योग्य अक्षर काढीत. पोथ्या गेल्या, हरताळ गेला. पण एखाद्याने दिलेले वचन मोडले, की त्याने त्यास 'हरताळ फासला' असे आपण आजही म्हणतो.

ह्या सर्व रंगांत एक गोष्ट समान होती. ते मोजके होते. हिंगूळ खलावा लागे, कुंकू देवघरातून आणावे लागे, हिरवी शाई पदाबरोबर येई. पोथीचे प्रत्येक अक्षर हिंगुळाने लिहिले असते, तर अध्याय कोठे संपला हे कोणास कळले असते? तांबड्या अक्षरास अर्थ देणारे खरोखर भोवतालचे काळे अक्षर होते.

आज हा अडसर उरलेला नाही. फेसबुकाने २०१६ च्या अखेरीस छोट्या मजकुरामागे रंगीत पट घालण्याची सोय केली. व्हॉट्सॲपच्या साध्या निरोपात अक्षरे रंगविता येत नाहीत, तर लोकांनी अक्षरांचे चित्रच करून पाठविण्याची युक्ती काढली. सुप्रभात सोनेरी, सुविचार जांभळा, औषधाचा उपाय हिरवा, आणि 'ताबडतोब पुढे पाठवा' अशी आज्ञा हटकून तांबडी. रंग फुकट झाल्यामुळे तो लवकर शिळा होतो, आणि शिळा झाला की मुले दुसरा शोधतात. त्यांच्या चंचलपणास आम्ही आता हसत नाही. ज्या रंगाची किंमत दर आठवड्यास उतरते, तो कोण साठवून ठेवील? त्या यंत्रात ज्या एका रंगाचा अर्थ टिकून आहे तो म्हणजे वाचलेल्या निरोपापुढील दोन निळ्या खुणा. नोव्हेंबर २०१४ पासून त्या आल्या, आणि त्या पाहून उत्तर न आल्याने किती मने दुखावली असतील त्यास गणती नाही. त्यांचा अर्थ टिकला, कारण त्या पाठविणारास हौसेने लावता येत नाहीत. समोरच्याने खरोखर निरोप उघडावा लागतो.

आमच्या महाडास तर रंगांचे दोन मोठे दिवस आहेत. ६ जून आला, की १६७४ च्या राज्याभिषेकाच्या स्मरणाने रायगडाच्या ह्या तालुक्यात प्रत्येक फोनवर भगवी अक्षरे झळकू लागतात. आणि २० मार्चला चवदार तळ्याकडे येणाऱ्या हजारो लोकांच्या हाती निळे झेंडे असतात व निरोपांची अक्षरेही निळी होतात. काही सुशिक्षित गृहस्थ ह्यासही एक प्रघात म्हणून नाक मुरडतात. त्यांनी थोडा इतिहास आठवावा. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे ठरविले. म्हणजे अक्षरे कागदावर होती. पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या अक्षरांस अर्थ आला. त्यासाठी लोकांनी त्याच दिवशी मार खाल्ला, आणि न्यायालयातील वाद १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. निळ्या अक्षरामागे एवढे चालणे व एवढे सोसणे उभे आहे. असा रंग आठवड्यात शिळा होत नाही.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगतो. आमच्या आळीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. स्वभाव परोपकारी, झोप थोडी, आणि तांबड्या अक्षरांची विलक्षण आवड. सकाळचा नमस्कार, एकादशीचे महत्त्व, हरवलेल्या छत्रीची चौकशी, सारे तांबड्या ठळक अक्षरांत येई. २०२१ च्या जुलैत एका रात्री त्यांचा असाच एक तांबडा चौकोन फोनवर आला. आम्ही रंग पाहिला आणि फोन पालथा घातला. त्यात लिहिले होते, की सावित्री व गांधारी दोन्ही फुगल्या आहेत, तळमजल्यावरच्यांनी सामान वर हलवावे.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले. वृद्ध मातोश्रींस घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर पोचलो, तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुराकडे केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही घरे दरडीखाली गेली. त्या दुःखापुढे आमच्या नुकसानीचा उल्लेखही करू नये. तरी एवढे सांगितले पाहिजे, की आम्हांस काही तासांचा अवधी मिळाला होता, आणि तो आम्ही एका रंगाच्या कंटाळ्यापायी दवडला.

पाणी ओसरल्यावर चिखलातून कागद निवडीत बसलो. वडिलांची पत्रे निळ्या शाईची होती. घड्या उघडल्या तर फिकट निळे कागद तेवढे हाती आले, अक्षर एकही नव्हते. पत्रांच्या पाठीवर त्यांनी शिसपेन्सिलीने टिपलेले किराणा मालाचे भाव मात्र स्पष्ट वाचता येत होते. खालच्या गठ्ठ्यात विद्यार्थ्यांचे निबंध होते. आमच्या दौतीची तांबडी शाई पसरून पानेच्या पाने गुलाबी झाली होती, आणि तिच्याखाली मुलांनी साध्या बॉलपेनने लिहिलेले वाक्य न् वाक्य जागच्या जागी होते. तीस वर्षांत आम्ही ते वाक्य प्रथमच आमच्या शाईच्या आड न येता वाचले. त्यांपैकी कित्येक निबंध बरे होते.

मग आठवले, की एका मुलाने पूर्वी एकदा म्हटले होते, "सर, सगळं पान तांबडं असतं, त्यातली मोठी चूक कोणती ते कळत नाही." तेव्हा आम्हांस तो आळशी वाटला होता. वस्तुतः शेजारच्या गृहस्थांत आणि आमच्यात काही अंतर नव्हते. ते प्रेमाने तांबडे लिहीत, आम्ही विद्वत्तेने. आणि दोघांचेही कोणी वाचीत नव्हते.

हवामान खात्याचे इशारे आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. त्या चार रंगांत तांबड्याचे वजन उरलेल्या तिघांनी राखले आहे. पुरानंतर आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो आणि आपली चूक कबूल केली. ते बिचारे उलट ओशाळले. चहा झाल्यावर दोघांनी मिळून आळीपुरता एक नियम ठरविला, की तांबडे अक्षर फक्त पाण्यासाठी. एरवी सुप्रभातदेखील काळ्या अक्षरांत.

नियम आजवर पाळला गेला आहे. आम्हीही पेपर तपासताना आता साधी पेन्सिल वापरतो, आणि तांबडी खूण एका निबंधास एकच करतो. ती कोठे करावी ह्याचा विचार करण्यात पूर्वीच्या दुप्पट वेळ जातो. पावसाळी रात्री मात्र फोन पालथा ठेवीत नाही. खिडकीबाहेर पाऊस कोसळत असतो, आळीतील निरोप येत असतात, आणि झोपण्यापूर्वी आम्ही ते एकदा खालपासून वरपर्यंत पाहून घेतो. सारी अक्षरे काळी असली, की दिवा मालवितो.