मांडीवर चाक

आषाढातला रविवार. डोंबिवलीचा पाऊस अशा दिवशी पडतही नाही आणि थांबतही नाही, नुसता गळत राहतो. दूध आणायला खाली उतरलो तर पार्किंगमधली स्प्लेंडर पुढून खचलेली. रात्री धडधाकट होती. अंगठ्याने टायर दाबला, तो मळलेल्या कणकेसारखा आत गेला.

टायरवाल्या अण्णांना फोन लावला. अण्णा मूळचे केरळातले, दुकान शीळ रस्त्याकडेला. ते दोनच वाक्यं बोलले. ‘ढकलत आणू नका. चाक काढून आणा.’ त्यामागचं कारण मला नंतर कळलं. हवा गेलेल्या टायरवर गाडी ढकलली की आतली ट्यूब रिमवर सरकत जाते, पण रिमच्या भोकातून बाहेर डोकावणारा व्हॉल्व्ह जागचा हलू शकत नाही. मग तो मुळाशी फाटतो, आणि ठिगळावर भागणारं काम नव्या ट्यूबवर जातं.

चाक काढून आणा! सांगायला काय जातंय. मी संगणकासमोर बसून पोट भरणारा माणूस. घरातला बल्ब बदलला तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगत फिरतो.

बाबा पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, ‘नट ढिला केलास का?’ म्हणजे फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिचा श्रीगणेशा याच वागळे इस्टेटमध्ये झाला. बाबा लागले तेव्हा तिथे तीन पाळ्यांचे भोंगे वाजत. आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांतल्याच एकीत मी बसतो. तोच डोंबिवली-ठाणे प्रवास, तीच लोकल. फक्त बाबा परत यायचे तेव्हा त्यांच्या हाताला ऑइलचा वास असायचा आणि माझ्या हाताला कसलाच नसतो.

गाडीही बाबांचीच. स्प्लेंडर बाजारात आली १९९४ साली, आमच्याकडे आली बरीच नंतर, बाबांच्या फंडाच्या पैशातून. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. एवढ्यासाठी घेतली आणि एवढ्यातच म्हातारी झाली.

‘चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट ढिला करायचा,’ बाबा वरून म्हणाले. ‘उचलल्यावर जोर लावलास तर गाडी अंगावर येईल.’ मी रिंग पाना लावला. पाना लावला म्हणजे त्याला लोंबकळलो. काही नाही. मग एकदम ‘कट्’ असा आवाज झाला आणि माझं मनगट हलकं झालं. तो आवाज फार सुखाचा असतो. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार उघडतं तेव्हा असाच येतो.

पुढचा प्रश्न चाक अधांतरी करण्याचा. मेन स्टँड मागचं चाक उचलतो. पुढचं आपलं जमिनीला बिलगून. सोसायटीच्या कोपऱ्यात रस्त्याच्या कामातून उरलेले पेव्हर ब्लॉक पडले होते. डोंबिवलीत अन्न, वस्त्र, निवारा आणि पेव्हर ब्लॉक यांची कमतरता नाही. दोन आणले. मध्ये घालायला लाकूड हवं म्हणून घरातला पाट उचलला, तर बायको दारात आडवी. ‘तो गणपतीचा आहे. हात लावायचा नाही.’ माळ्यावरचा मोडका पाट मिळाला. ‘सायलेन्सरच्या पायपाखाली नको,’ वरून आवाज. ‘इंजिनाच्या पोटाखाली घाल.’

मग ब्रेकची केबल सुटली, मीटरची केबल सुटली. सुटलेली प्रत्येक वस्तू काढल्या क्रमाने पेपरवर मांडायची, हा फिटर लोकांचा दंडक. लावताना उलट्या टोकाने सुरुवात करायची. बाबांनी त्यासाठी वाचून झालेली पुरवणी वरून टाकली. नटाला जागा मिळाली ती राशिभविष्यावर.

आस मात्र निघेना. पावसाचं पाणी आत जाऊन गंजला होता. मी हातोडी उचलली, तेवढ्यात ‘थांब!’ असा आवाज आला, वागळे इस्टेटमध्ये चालू मशीनच्या वरून ऐकू जाईल असा. आसाच्या टोकावर थेट घाव घातला तर आटे चेपतात आणि नट पुन्हा कधीच बसत नाही. नट अर्धा फिरवून टोकावर ठेवायचा, वर लाकडाचा तुकडा धरायचा, मग ठोकायचं. चार ठोक्यांत आस सरकला. मी तो पिळत बाहेर ओढला आणि चाक माझ्या हातात आलं.

हातात घेतल्यावर कळलं की हा आस फिरतच नव्हता. चाक त्याच्याभोवती बेअरिंगवर फिरतं. आस नुसता धरून राहतो. लोकलचं उलट. तिथे दोन्ही चाकं आसावर घट्ट दाबून बसवलेली, तिघं मिळून फिरतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. तेव्हापासून या भागातली माणसं फिरणाऱ्या आसावर बसून पोटामागे धावताहेत, आणि न फिरणाऱ्या आसावर बसून स्टेशन गाठताहेत.

बिनचाकाच्या गाडीकडे बघवेना. कवळी काढून ठेवलेल्या माणसाचा चेहरा होतो तशी ती दिसत होती. ब्रेकची प्लेट ड्रममधून उचलली तर आत लायनरची काळी भुकटी. फुंकर मारायला तोंड पुढे केलं. ‘फुंकू नकोस, छातीत जाईल. ओल्या फडक्याने पूस.’ बाबांना पहिल्या मजल्यावरून माझे गाल फुगलेले कसे दिसले, कोण जाणे.

या गडबडीत हबच्या दुसऱ्या बाजूची कॉलर निसटली. बोटाच्या पेराएवढी लोखंडी नळी. चाक आणि फोर्क यांच्यात अंतर राखते, बस. ती टणटणत शेजाऱ्यांच्या गाडीखाली गेली. मोबाइलचा दिवा लावून मी पोटावर झोपलो आणि आजीची गोष्ट आठवली. लढाईत दशरथाच्या रथाची खीळ निसटली आणि कैकेयीने तिथे आपला हात घातला. कुणी हात सांगतं, कुणी बोट. आमची आजी बोट सांगायची, आणि सांगताना स्वतःची करंगळी वर धरायची. लहानपणी मला त्यात शौर्य दिसायचं. आता वाटतं, कैकेयीला रथाची नीट माहिती असणार. कुठली वस्तू गेल्यावर काय कोसळतं, हे ठाऊक असल्याशिवाय नेमक्या जागी बोट जात नाही. दोन वर मागणं हा नंतरचा भाग. कॉलर गटाराच्या जाळीपासून वीतभर अंतरावर सापडली.

चाक घेऊन शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो. रिक्षावाल्याने आपादमस्तक पाहिलं. ‘दादा, बाकीची गाडी कुठंय?’ मागच्या सीटवर आधीच दोघं. मी चाक मांडीवर घेतलं. शेजारच्या काकूंच्या पिशवीत ओली मेथी होती. त्यांनी ती शांतपणे उचलून माझ्या टायरच्या आतल्या मोकळ्या जागेत, आऱ्यांवर टेकवली. ‘राहू दे, पडत नाही,’ म्हणाल्या. तीनचाकीत बसलेलं चौथं चाक आणि त्यावर मेथी. जागेचा असा विचार लोकलच्या प्रवासानेच शिकवलेला असणार. रिक्षावाल्याने चाकाचं भाडं घेतलं नाही.

अण्णांनी पट्ट्या घालून टायर उचकटला, ट्यूब फुगवली आणि पाण्याच्या घमेल्यात कोपर बुडवावं तशी बुडवली. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. जागा घासून सोल्युशन लावलं, ठिगळ डकवलं. इथे बरेच जण काम संपलं म्हणतात. अण्णांनी टायरच्या आतून बोट फिरवायला घेतलं, डोळे मिटून, सावकाश. एका जागी थांबले आणि पकडीने काहीतरी उपसलं. पापणीच्या केसाएवढी तार. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात. टायर फुटले, झिजले की त्या तुकड्यातुकड्याने रस्त्यावर सांडतात. शीळ रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जातात. त्यांतल्या कुठल्या तरी एकाने आपली पापणी माझ्यासाठी ठेवली होती. ‘ही काढली नाही तर संध्याकाळी पुन्हा माझ्याकडे,’ अण्णा म्हणाले.

मग त्यांनी पान्याने आऱ्यांवर एकेक टिचकी मारली. छत्तीसांतले पस्तीस टणटणले, एक बद्द वाजला. बैलगाडीचा आरा दाब झेलतो, गाडी त्याच्यावर उभी असते. मोटरसायकलच्या तारेला दाब सोसत नाही, ती ओढ झेलते. एक सैल पडली की तिची ओढ शेजारणींच्या वाट्याला जाते आणि हळूहळू चाकाला आऊट येतो. अण्णांनी ती पीळ देऊन सुरात आणली. मग टायरमध्ये हवा भरली. ही हवा भरण्याची कल्पना रूढ केली डनलॉपने, १८८८ साली, बेलफास्टमध्ये. तो व्यवसायाने गुरांचा डॉक्टर. मुलाला तीनचाकी सायकलच्या खडखडाटाचा त्रास होऊ नये म्हणून बापाने घरच्या घरी केलेला उद्योग होता तो.

परत आलो तर बाबा खाली उतरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले. जोडताना ते फारसं बोलले नाहीत. आस हाताने आत गेला, नटाला आधी बोटांनी चार आटे दिले. एकाच ठिकाणी त्यांनी माझा हात बाजूला केला आणि वाकून स्वतः चाचपलं. ब्रेकच्या प्लेटला एक खाच असते आणि फोर्कच्या नळीला एक बोंड. बोंड खाचेत बसलेलं नसेल तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, चाक जागीच आवळतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. बाबांच्या बोटांची पेरं संधिवाताने वाकली आहेत. त्यांनी ती खाच दोनदा चाचपली. मग म्हणाले, ‘आता आवळ.’

सोमवारी सकाळी सहा पन्नासला निघालो. ब्रेक चोख, चाक सुतासारखं सरळ. फडके रोडच्या वळणाशी लक्षात आलं, मीटरचा काटा शून्यावर निवांत झोपलाय. प्लेटमध्ये मीटर फिरवणारी चकती असते, तिचे दोन इवले कान हबच्या खाचांत बसायला हवेत. ते बसले नव्हते. आम्ही दोघंही बोंडाच्या नादात ते विसरलो होतो.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. म्हटलं, ‘त्यासाठी सगळं चाक पुन्हा काढावं लागेल.’

त्यांनी चष्मा पुसला. मग आत बायकोला हाक मारून म्हणाले, ‘सूनबाई, या रविवारची पुरवणी रद्दीत घालू नकोस.’