नवा देह

नवी वस्तू घ्यावी असे मनात आले, की जुन्या वस्तूचे दोष माणसाला एकाएकी दिसू लागतात. नवा सदरा शिवायचा ठरला, की अंगातल्या सदऱ्याची कॉलर विरलेली दिसते. कालपर्यंत तीच कॉलर मिरवीत आपण लग्नाच्या पंगतीत बसलेलो असतो. यंदाच्या पावसाळ्यात माझे आणि माझ्या कॅमेऱ्याचे असेच काहीसे झाले.

माझा कॅमेरा निकॉनचा डी ९०. तो २००८ साली बाजारात आला आणि पुढच्या वर्षी माझ्या गळ्यात पडला. त्या वेळी मी इथे पालमला शाळेत भूगोल शिकवीत होतो. चित्रांवाचून भूगोल कोरडा राहतो, ही माझी सबब. सुटी लागली, की आम्ही उभयता निघालोच. हंपी झाली, बदामी झाली, अजिंठा-वेरूळ तर दोनदा झाले. निवृत्तीनंतर सबब संपली, छंद मात्र राहिला.

आषाढात पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, किती दिवस तो जुना डबा वागवणार? आता बॉडी बदलाच!"

फोन मोठ्या आवाजावर होता. ओसरीत वाती वळत बसलेली माझी आई दचकली. तिला आम्ही सारे 'माय' म्हणतो. वय शहाऐंशी.

"काय रं बाबा," तिने तिथूनच विचारले, "कुणाची बॉडी आली?"

आमच्या गावात बॉडी हा शब्द दवाखान्याच्या गाडीबरोबरच येतो. बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचे खोके आणि पुढे लावायची भिंगाची नळी ती लेन्स, हे तिला समजावून सांगता सांगता मला वाटले, हे तर गीतेतलेच प्रकरण आहे. लेन्स हा आत्मा आणि बॉडी हा देह. देह जीर्ण झाला, की आत्म्याने तो टाकावा आणि नवा धारण करावा. इतके सोपे!

पण या व्यवहारात मेख होती. चिरंजीवांनी सुचवलेला देह होता झेड ५० चा दुसरा अवतार, २०२४ सालचा. त्याचे तोंडच निराळे. माझ्या लेन्सा त्यावर बसवायच्या तर मध्ये एक कडे लागते. त्यातही माझी आवडती पन्नास मिलिमीटरची लेन्स जुन्या घडणीची. तिला स्वतःची मोटर नाही. जुन्या बॉडीतली मोटर तिला फिरवते आणि चित्र आपोआप स्पष्ट होते. कंपनीच्या त्या कड्यात मोटर नसल्यामुळे नव्या देहात गेल्यावर ही लेन्स हाताने फिरवावी लागणार. म्हणजे एका देहापायी पुढेमागे आत्माही नवा घेणे आले.

मी मास्तर माणूस. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या कॅमेऱ्याचे चित्र १२.३ मेगापिक्सेलचे, नव्याचे २०.९ चे. ऐकायला पावणेदोन पट. पण ही वाढ लांबी आणि रुंदी दोहोंत वाटली जाते. जुन्या चित्राच्या लांबीत ४,२८८ ठिपके, नव्याच्या ५,५६८. इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने उत्तम छापायचे, तर जुने चित्र चौदा इंच लांब होते, नवे साडेअठरा. माझ्या भिंतीवरची सर्वांत मोठी तसबीर बारा इंचांची.

नव्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो वजनाला हलका. माणसाचा डोळा ओळखून त्यावर नेम धरतो. अंधारात तर त्याची बरोबरीच नाही. दिव्याच्या उजेडात, देवळाच्या गाभाऱ्यात माझ्या सतरा वर्षांपूर्वीच्या यंत्राच्या चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

हिशेबाचा कागद मी सौभाग्यवतींपुढे ठेवला. बॉडी, कडे, नवी लेन्स मिळून होणारी बेरीज त्यांनी शांतपणे वाचली. "अहो," त्या म्हणाल्या, "हे तर आपल्या राजस्थानचे पैसे! प्रवासाचे फोटो छान यावेत म्हणून प्रवासच रद्द करायचा का?"

याला उत्तर नव्हते. तरी मन ऐकेना. जुन्या यंत्राची एकदा कसोटी घ्यावी आणि ते नापास झाले तर नवे आणावे, असे ठरवले. परीक्षकाने निकाल आधीच लिहून ठेवला होता, हे वेगळे सांगायला नको.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आमच्याच तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. तिथल्या मोरांवर माझा डोळा होता. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगा त्या दिवशी दुथडी भरून चालली होती. नाव बंद. मोर पलीकडे ओरडत होते, मी अलीकडे उभा. परतताना वाटेत मायचे माहेर लागते. तिथल्या घाटावर उभा राहून, रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून, पाण्याचे एक चित्र घेतले. कडेला घागर भरणारी एक बाई आली होती. घरी जाऊन तिला कापून टाकू, असे म्हटले.

कापायचे राहूनच गेले. परभणीहून बारा इंची प्रत करून आणली आणि दाणे शोधण्यासाठी उन्हात धरून पाहत होतो, तोच मायने ती मागून घेतली. मांडीवर ठेवून, पोथीचे भिंग लावून ती बराच वेळ पाहत राहिली. गुडघ्यांमुळे चार वर्षांत ती गंगेवर गेलेली नाही.

"धुण्याचा दगड बुडाला की रं," ती म्हणाली. मग बोट सरकवत, "पायऱ्या दिसंनात. औंदा हरभरा पिकंल." आणि शेवटी त्या बाईवर बोट ठेवून, "ही कुणाची लेक? भरल्या गंगंत एकलीच कशाला उतरली?"

मी चित्रात ठिपके मोजत होतो. ती त्यात पाणी मोजत होती.

तिच्या डोक्यावर, भिंतीवर वडिलांचा फोटो आहे. त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक, १९६२ साली परभणीच्या एका स्टुडिओत काढलेला. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबारचे राजा दीनदयाळ लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन राजेरजवाड्यांची चित्रे काढीत. सामान्य माणसाची पाळी यायला पुढे बरीच वर्षे लागली. वडिलांच्या अंगातला कोट स्टुडिओचा आहे. ते किंचित हलल्यामुळे चेहरा पुसट आला आहे. फोटो स्पष्ट नाही, अशी तक्रार या घरात आजवर कुणी केलेली नाही.

राजस्थानचे पैसे राजस्थानलाच जातील. नवा देह आताच घ्यायचा नाही. माझ्या कॅमेऱ्याचा पडदा एक लाख वेळा उघडमिट करील, अशा बेताने पारखलेला आहे. आजवरची उघडमिट फोटोच्या फाइलीत नोंदलेली असते. ती निघाली एकसष्ट हजार. म्हणजे हिशेबाने एकोणचाळीस हजार उरली. मायच्या आणि माझ्या वाट्याची किती उरली, ते कोणत्याच फाइलीत सापडत नाही.

म्हणून महालक्ष्म्यांच्या आरतीला मोहरा मायकडे वळवला. निरांजनाचा उजेड, हातात ताम्हन, ओठ आरतीत गुंतलेले. चित्रात व्हायचे तेच झाले. गालांवर, पदरावर सगळीकडे दाणे उमटले आहेत. नव्या बॉडीने ते टाळले असते, हे मी चिरंजीवांना फोनवर प्रामाणिकपणे सांगितले. मग परभणीला जाऊन त्याची बारा इंची प्रत करून आणली. वडिलांच्या शेजारी खिळा ठोकलेला आहे. पण माय म्हणते, आताच भिंतीवर नको, गुडघं बरं झाल्यावर गंगंवर काढलेला लाव.