व्यवस्थापक जबाबदार नाहीत

आपल्याकडच्या कुठल्याही लॉजमध्ये पाऊल टाका. गल्ल्यामागे गणपतीची तसबीर, तिच्याखाली उदबत्ती आणि शेजारी एक पाटी बहुधा असतेच. ‘कोणत्याही नुकसानीस अथवा अपघातास व्यवस्थापक जबाबदार नाहीत.’ आपण मध्यमवर्गीय माणसे मोठी पापभीरू! पाटीवर लिहिले ते सरकारी फर्मानच, असे समजून आपण मुकाट्याने नोंदवहीत सही करतो नि किल्ली उचलतो.

गेल्या वर्षी एका तीर्थक्षेत्री माझ्या मावशीनेही तेच केले. खोली चांगली दोन हजार रुपये रोजाची. पहाटे काकडआरतीला जायचे म्हणून ती न्हाणीघरातून निघाली, पाय किंचित सरकला आणि तिने भिंतीवरची टॉवेलची दांडी धरली. दांडी स्क्रूसकट हातात आली. शेजारच्या खोलीतून मी धावलो तेव्हा भिंतीत दोन भोके दिसत होती आणि एकात कुणीतरी काडीपेटीची काडी कोंबलेली होती. मावशीच्या खुब्याचे हाड मोडले.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, “दांडी टॉवेलसाठी असते हो, आधारासाठी नव्हे.” आणि त्याने पाटीकडे बोट केले.

मावशी कण्हत म्हणाली, “जाऊ दे रे. मीच जड झालेय.”

मला मॅनेजरपेक्षा या वाक्याचाच राग अधिक आला. छत गळले तर आपले नशीब आणि दांडी निखळली तर आपले वजन!

माझे एक वकील स्नेही म्हणाले, “अहो, पाटी रंगवणाराच न्यायाधीश असता तर कोर्टे कशाला हवी होती?” दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ साली एका पाहुण्याची मोटार चोरीला गेली. मोटार मालकाच्या जोखमीवर ठेवली आहे, असे पावतीवर छापलेले होते. तरीही २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील ओळीने झटकता येत नाही. मोटारीला जो न्याय, तो मावशीला का नसावा?

मात्र कायदा काही भोळा सांब नाही. पाहुणा आपल्याच धांदलीने पडला, तर हॉटेलवाल्याला दोष देता येत नाही. त्याची हयगय दाखवावी लागते. इथेच ती काडी बोलू लागते. ज्याने ती कोंबली, त्याला दांडी सैल आहे हे ठाऊक होते! आणि ओल्या फरशीवर तोल गेलेले माणूस हाताशी येईल ते धरणार, हे कळायला काय कायदा शिकावा लागतो?

स्नेह्यांनी आणखी एक कथा सांगितली, ती मात्र मनाला चटका लावून गेली. १९७२ साली एका जर्मन सहवैमानिकाने दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलच्या तलावात सूर मारला, डोके तळाला आपटले आणि त्याचे अंग लुळे पडले. १९७५ साली त्याने दावा लावला. १९८५ साली तो वारला. १९९७ साली दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लाहोटींनी पन्नास लाखांची भरपाई दिली. भारी दर घेणाऱ्या हॉटेलने काळजीही तितकीच भारी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. पण २००२ साली अपिलात तो निकाल फिरला. कारण काय, तर असा दावा माणसाबरोबरच सरतो!

म्हणून मी ठरवले, की मावशी हिंडती-फिरती असतानाच काय ते करायचे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. भोकांचे नि काडीचे छायाचित्र, खोलीचे बिल, इस्पितळाचे कागद, सारे जोडले.

सहीसाठी अर्ज पुढे केला, तेव्हा मावशीने चष्मा लावून तो शब्दन्‌शब्द वाचला.

“यात मी जड झालेय, असं कुठं लिहिलं नाहीस ना?”

“नाही.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि तिने ठसठशीत सही ठोकली.