एक अक्ष

अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीस असलेला आमचा पुतण्या परसदारी एका जुन्या, दोन आसनी लहान मोटारीत निराळ्या बनावटीचे इंजिन बसवीत आहे. इंजिन व गिअरबॉक्स यांची भोके जुळत नाहीत. म्हणून मधली ॲल्युमिनियमची तबकडी पुठ्ठ्यावर आखून तो स्वहस्ते घडवितो. खरी अडचण भोकांची नव्हे. दोन्ही दंडांचा अक्ष एकच हवा. व्याकरणातील समानाधिकरणच म्हणा ना! केसभर ढळले, की बेअरिंग व क्लच अकाली झिजतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता हवी. तोवर मोटार फाटकाबाहेर न्यावयाची नाही, असे वहिनींनी बजाविले आहे. वडीलबंधूंना हा द्रव्याचा अपव्यय वाटतो; मला वाटत नाही. तीन तबकड्या मोडीत गेल्या. चौथी लावून डायल गेज फिरविले, तो काटा किंचितच हलला. “बसली की!” मी म्हणालो. तो मुकाट्याने बोल्ट सोडवू लागला.