एकाच फोटोत

छातीचा एक्स-रे हे आमच्या विभागातलं सगळ्यांत सोपं काम समजतात. नवा विद्यार्थी आला की त्याला आधी तिथंच उभं करतात. पेशंटची छाती स्टँडला टेकलेली, ट्यूब त्याच्या पाठीमागे सहा फुटांवर, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास भरला की बटण. पुस्तकात हे अर्ध्या पानात आटोपतं. एका सरकारी रुग्णालयात माझी रेडिओग्राफीची इंटर्नशिप चालू आहे. सीटी झालं, एमआरआयची खोली पाहून झाली, तरी माझं मन त्या अर्ध्या पानातच अडकून आहे.

सहा फूट का, तर किरण ट्यूबमधल्या एका बारीक ठिपक्यातून पसरत येतात. ट्यूब जवळ आली की हृदयाची सावली मोठी पडते, आणि फोटोत हृदय मोठं दिसलं की पुढच्या तपासण्यांची माळ लागते. छाती स्टँडला टेकवायची तीही याचसाठी, कारण हृदय पुढच्या अंगाला असतं. खांदे पुढे ढकलले की खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. श्वास पूर्ण भरला की श्वासपटल खाली जातं आणि त्याच्या वर पाठीकडच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. श्वास अर्धाच घेतला असेल तर फुप्फुसांचा खालचा भाग दाटलेला दिसतो आणि चांगल्या माणसाला न्यूमोनिया असल्याचा भास होतो. पेशंट किंचित जरी वळलेला असला तरी कॉलरबोनची आतली दोन टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर येत नाहीत, आणि एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं दिसतं. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांपुढे तो माणूस नसतो, फक्त सावल्या असतात. त्या सावल्या खऱ्या पडाव्यात एवढंच आमच्या हातात आहे, आणि ते सगळं बटण दाबण्याच्या आधी घडतं.

आमचं रुग्णालय साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या उतरतात, फडांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि आमच्या खिडकीपुढची रांग बदलते. कोयता लागलेली बोटं, बैलगाडीवरून पडून मोडलेली मनगटं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरलेली माणसं, आणि जुना खोकला. यांनी मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो. मजुरी तर बुडतेच, वर खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. म्हणजे सरकारी दवाखान्यात फोटो नाममात्र पैशांत निघाला, तरी टोळीतल्या बाईला तो स्वस्त पडत नाही. फोटो बिघडला, ओपीडी बंद झाली आणि ‘उद्या परत या’ असं सांगावं लागलं, तर तो दुसरा खाडा.

आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, “अगं, बटण दाबायला कुणीही शिकेल. तू माणसाला उभं करायला शिक. रिपीट करायचा नाही.” सर डार्करूमच्या काळात शिकलेले. लाल दिव्यात डेव्हलपर आणि फिक्सरच्या टाक्यांपुढे उभं राहून त्यांनी नोकरी काढली. फिल्म मोजून मिळायच्या, त्यामुळे रिपीट म्हणजे वरिष्ठांपुढे जाब. आता फिल्मचा तुटवडा नाही, पण सरांचा नियम तोच आहे, आणि तो फिल्मसाठी कधीच नव्हता हे त्यांच्याबरोबर काम करताना कळतं.

खरी कसोटी श्वासाची. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की बहुतेक माणसं खांदे कानापर्यंत उचलतात आणि छाती आहे तिथंच राहते. ‘धरून ठेवा’ म्हटलं की वयस्कर माणसं हटकून सोडून देतात, कारण आपल्याशी कुणी काही बोललं की उत्तर द्यायची त्यांना सवय, आणि ‘हो’ म्हणताना श्वास जातोच. सर आधी पेशंटशेजारी उभं राहून एकदा रंगीत तालीम घेतात. तळहात त्याच्या पाठीवर हलका टेकवून बघतात, बरगड्या खरंच फुलतात का. एका खोकणाऱ्या बाबांना ते म्हणाले, “विहिरीत उडी मारायच्या आधी घेता ना बाबा, तसा घ्या. आणि पाण्यात आहोत असं समजा, मी हाक मारेपर्यंत वर यायचं नाही.” बाबांनी डोळे मिटले, नाक फुगवलं आणि असा श्वास भरला की फोटोत दहावी बरगडी स्वच्छ मोजता आली. ते वाक्य मी तेव्हापासून वापरते. बायकांना विहीर चालत नाही, त्यांना मी ‘फुगा फुगवायच्या आधी घेतो तसा’ म्हणते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापुढे मी स्वतः श्वास भरून, गाल फुगवून दाखवते. टोळीत काही जण लमाण तांड्यावरचे असतात, म्हातारी माणसं गोरमाटीतच बोलतात. त्यांच्याबरोबरच्या पोराला मी विचारून घेते, आणि ‘श्वास’ला त्यांचा शब्द कोणता ते माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.

मंगळसूत्राचा प्रश्न रोज येतो. वाट्या नेमक्या छातीच्या मध्यावर आणि काळे मणी गळ्यापासून खालपर्यंत, ते फोटोत राहून चालत नाही. पण ‘काढा’ म्हटल्याबरोबर बाईचा हात तिकडे जातो आणि तिथंच थांबतो. नवरा बाहेर आजारी असेल तर अधिकच. सुरुवातीला मी समजावत बसायची. आमच्या विभागातल्या मावशींनी साधा मार्ग दाखवला. मंगळसूत्र गळ्यातून काढायचं आणि तिथल्या तिथं मनगटाला गुंडाळायचं. छातीच्या फोटोत हात कमरेवर मागे टेकवलेले असतात, मनगट चौकटीत येतच नाही. दागिना अंगावर राहतो आणि फुप्फुसं मोकळी दिसतात. १८९५ च्या डिसेंबरात व्यूर्त्सबुर्गला रॉन्टगेनने बायकोच्या हाताचा जो फोटो काढला, त्यात बोटातली अंगठी ठळक दिसते. बर्थाबाईंना कित्येक मिनिटं हात न हलवता ठेवावा लागला होता. आज छातीच्या फोटोला सेकंदाचा छोटासा अंश पुरतो, पण त्या अंशात अंगावर काय राहिलं आहे हे बघायचं काम अजून माणसाचंच आहे.

दागिन्याहून मला धास्ती वेणीची वाटते. मंगळसूत्र फोटोत दिसलं तर ते मंगळसूत्र आहे हे कुणालाही कळतं. तेल लावून घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आलेली असली, तर तिची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पडते, आणि क्षयाचे डाग शोधायची जागा तीच. अशा सावलीवरून एखादीच्या मागे थुंकीच्या तपासण्यांचे हेलपाटे लागू शकतात, किंवा उलट, खरा डाग वेणीचा समजून सुटू शकतो. म्हणून मी प्रत्येकीचे केस उचलून डोक्यावर बांधते. मावशींनी त्यासाठी सुती नाड्यांचं एक भेंडोळं खिडकीत ठेवलं आहे. पिना चालत नाहीत.

पोटाचा किंवा कमरेचा फोटो असला की बाईला पाळीची तारीख विचारावी लागते. दिवस गेले असतील आणि थांबता येण्यासारखं असेल, तर फोटो पुढे ढकलायचा. मुलगी असल्यामुळे हे विचारणं माझ्याकडे येतं. कमरेच्या दुखण्यासाठी आलेल्या एका बाईंना मी दाराआड नेऊन विचारलं. वय केसपेपरवर तिशीच्या आतलं. त्या म्हणाल्या, “पाळी कुठली आता? पिशवी काढलीय.” मी काही न बोलता लिहून घेत होते, तर त्याच पुढे म्हणाल्या, “लई अंगावरून जायचं. डॉक्टर म्हणलं काढून टाका. फडात खाडं पडायचं ना.” ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारने चौकशी समितीही नेमली. ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आमच्या फॉर्मवर त्या प्रश्नापुढे तारखेसाठी एक रिकामी रेघ आहे. त्या बाईंच्या बाबतीत ती रेघ रिकामीच राहिली, शेजारी मी ‘शस्त्रक्रिया झालेली’ असं लिहिलं आणि त्यांना टेबलावर झोपवून गुडघे वाकवायला उशी दिली. गुडघे वाकवले की कमरेची पोकळ बाजू टेबलाला टेकते, मणक्यांमधल्या फटी नीट दिसतात, आणि दुखणंही थोडं हलकं होतं.

छातीवर मी टीएलडी बॅज लावते, लेड ॲप्रन असला तर त्याच्या आत. बॅजमधल्या चकत्या किरणोत्साराची ऊर्जा साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत जातात, तिथं तापवल्यावर प्रकाश सोडतात, आणि त्या प्रकाशावरून माझा डोस कळतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने आमच्यासारख्यांना मर्यादा आखून दिली आहे, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ही मर्यादा लोकांच्या जिवावर मिळालेली आहे. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली रोज स्वतःचे हात किरणांखाली धरून नळ्या तपासायचा. त्याचे हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. हाम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा लोकांचं स्मारक उभं राहिलं.

माझी मर्यादा अशी लिहून ठेवलेली आहे. पेशंटच्या डोसला मात्र अशी वार्षिक मर्यादा नाही, कारण तपासणीची गरज असेल तर ती झालीच पाहिजे. तिथं विचार एवढाच, की फोटोची खरंच गरज आहे का, आणि असेल तर कमीत कमी डोसमध्ये तो कसा निघेल. छातीच्या एका फोटोचा डोस फार थोडा, ०.१ मिलिसिव्हर्टच्या आतला. जगातल्या सरासरी माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. घाबरलेल्या आईवडिलांना मी हे आकडे सांगते. पण थोडा आहे म्हणून दुसऱ्यांदा द्यायला हरकत नाही, हा हिशेब मला मान्य नाही. चुकलेल्या फोटोतून पेशंटला काहीच मिळालेलं नसतं. तेवढा डोस निव्वळ आमच्या घाईचा.

आणि डिजिटल यंत्रांनी ही घाई झाकायची सोय करून दिली आहे. फिल्मवर डोस जास्त झाला की फोटो काळाकुट्ट निघायचा, चूक सगळ्यांना दिसायची. आता डोस जास्त गेला तरी संगणक फोटो सुंदर करून देतो. उलट कमी पडला तर फोटो खरखरीत दिसतो आणि तक्रार येते. त्यामुळे कुणी मुद्दाम न करताही विभागातल्या विभागात डोसचे आकडे हळूहळू वर चढत जातात. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्स उमटतो, तो वाचायची सवय लावून घेतली तरच हे लक्षात येतं. सर प्रत्येक फोटोनंतर आधी तो आकडा बघतात, मग फोटो. मला हे शिकवायला ते मिळाले हे मी माझं भाग्य समजते.

हाडांच्या बाबतीत गोष्ट वेगळी. मोडलेल्या मनगटाचा एकच फोटो काढून थांबणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. समोरून बघताना जागेवर वाटणारं हाड बाजूने बघितलं की मागे सरकलेलं दिसतं, म्हणून काटकोनात दोन फोटो हवेतच. खुब्याचं हाड मोडलेल्या आज्जींना मात्र कुशीवर वळवायचं नाही. तिथं ट्यूब आडवी करून आम्हीच पेशंटभोवती फिरायचं. वॉर्डातून स्ट्रेचर घेऊन येणारे मामा हे माझ्याआधी ओळखतात. चादरीची चार टोकं चौघांनी धरून, “एक, दोन, तीन” म्हणत ते असं उचलतात की आज्जी कण्हतसुद्धा नाहीत.

एक गोष्ट अजून मिळालेली नाही, ती म्हणजे कपडे बदलायला बंदिस्त जागा. दाराला कडी नाही, बाहेर रांग, आणि बाईने ब्लाऊज उतरवून गाऊन घालायचा. ती अंग चोरून, खांदे आवळून उभी राहते, श्वासही चोरूनच घेते. मग पुस्तकातलं अर्धं पान कितीही पाठ असलं तरी फोटो नीट येत नाही. आम्ही विद्यार्थिनींनी मिळून अर्ज दिला आहे. आतून कडी, दोन खुंट्या, रोज धुतलेले, मागे बांधता येणारे गाऊन. कारण विचारलं होतं तिथं ‘रिपीट कमी होतील’ असं लिहिलं. तो मंजूर होईपर्यंत मावशींनी घरून दोन जुनी नऊवारी लुगडी आणून दिली आहेत, ती आम्ही कोपऱ्यात दोरीवर दुहेरी करून लावली आहेत.