चिकन खुराना आणि गुरेळ्ळु चटणी

आमच्या घरात कोंबडी शिजत नाही. पडद्यावर शिजलेली मात्र चालते. ‘लव शव ते चिकन खुराना’ हा समीर शर्मा यांचा २०१२ सालचा चित्रपट आम्ही टीव्हीवर दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो संपता संपता सगळ्यांना सपाटून भूक लागली. चित्रपट हिंदी, पण त्याला पंजाबीची खमंग फोडणी. घरातलेच पैसे उचलून लंडनला पळालेला ओमी तिथे कर्जात बुडतो आणि पंजाबातल्या आपल्या गावी परततो. आजोबांच्या, म्हणजे दारजींच्या, धाब्यावरचं ‘चिकन खुराना’ एके काळी पंचक्रोशीत गाजलेलं. त्याची कृती मिळवून विकावी, कर्ज फेडावं, असा त्याचा हिशेब. पण धाबा बंद पडलाय आणि दारजींची स्मृती गेलीय. कृती कागदावर कधी नव्हतीच.

पुढे व्हायचं ते होतं. जुनी मैत्रीण, तिचं चुलतभावाशी ठरलेलं लग्न, एक अवलिया मामा, आणि एकाच वेळी सगळ्यांनी बोलायचं असं ते घर. डॉली अहलुवालियांची बुवाजी त्यात शोभून दिसते. त्याच वर्षीच्या ‘विकी डोनर’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. शेवटी तो गुपित जिन्नस निघतो गांजा! थेटरात हशा पिकला असेल. मला मात्र जरा फसवल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या हाताची गावाने वाहवा केली, त्याचं सगळं श्रेय एका पाल्याच्या खात्यावर जमा!

खरी गंमत, आणि खरी कळही, त्याआधीच येऊन जाते. विनोद नागपालांनी दारजी केलेत. १९८४ च्या ‘हम लोग’मधले बसेसर राम ज्यांना आठवतात, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. त्यांच्या रिकाम्या नजरेसमोर घर स्वयंपाकाचे प्रयोग करत राहतं, हे पाहताना हसू येतं आणि मध्येच अडकतं.

दिल्लीत तर असला शोध खरोखरीच कोर्टात पोचला. फाळणीच्या वेळी पेशावरहून आलेले कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी (नावंही सारखीच!) दर्यागंजच्या ‘मोती महल’मध्ये भागीदार होते. बटर चिकन आणि दाल मखनी पहिल्यांदा कुणी केली, यावरून २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण दाखल झालं. एका बाजूला गुजरालांचे वारस, दुसऱ्या बाजूला जग्गींच्या घरचं ‘दर्यागंज’ हॉटेल. ज्यांना विचारायचं ते दोघेही कुंदनलाल आता हयात नाहीत.

आमच्याकडे कसला दावा नाही, पण विचारायचं कुणाला हा प्रश्न आहेच. सासूबाईंचं माहेर धारवाडचं. बेळगावात साठ वर्षं त्यांनी मराठीतून संसार केला. वाण्याचा हिशेब, शेजारणीशी भांडण, देवापुढचं गाऱ्हाणं, सगळं मराठीत. गेली चार वर्षं त्या विसरताहेत, आणि आधी गेली ती मराठी. आता त्या फक्त कानडी बोलतात, तीही त्यांच्या आईच्या घरची. मी चिपळूणची. माझी कानडी बाजारापुरती, ‘एष्टु’ विचारावं आणि ‘बेड’ म्हणून पुढे जावं इतकीच. ह्यांची त्याहून बरी. पुण्याला असलेल्या लेकीला तेवढीही येत नाही, आणि तिला हवी असते आजीची गुरेळ्ळु चटणी.

गुरेळ्ळु म्हणजे आपले कारळे. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, मग ब्याडगी मिरची, लसूण, चिंच, गूळ, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. एवढं मलाही येतं. माझ्या हातची चटणी वाईट होत नाही, पण ती चिपळूणची होते. गूळ पुढे येतो. माप विचारलं की सासूबाई मूठ उघडून दाखवत आणि म्हणत, “इष्टु साकु.” एवढं पुरे. एवढं म्हणजे किती, ते त्या मुठीलाच ठाऊक.

यंदा लेक वजनकाटा घेऊन आली. आजीपुढे परातीत सगळे जिन्नस मांडले. बोलून सांगता येत नसलं तरी हात चालेल, असा तिचा तर्क. आणि हात चालला! कारळे, मिरच्या, लसूण. प्रत्येक मूठ लेक हळूच काट्यावर घेई आणि आकडा वहीत उतरवी. चिंचेला सासूबाई थबकल्या, अर्धी परत टाकली, काट्याकडे पाहून म्हणाल्या, “इदेन अंगडि?”

“हे काय दुकान आहे का, म्हणते आई,” ह्यांनी भाषांतर केलं.

कुटून झाल्यावर त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. “उप्पु,” म्हणाल्या. हे मात्र कुणी सांगावं लागलं नाही. लेकीने लगबगीने काटा पुढे सरकवला, तोवर मीठ खलबत्त्यात पडलंही होतं.